पुरानंतर नोटीस आलीय, बिल्डिंग पाडावीच लागते का?

प्रश्न: चिपळूणला आमची जुनी दुमजली बिल्डिंग, २०२१ च्या पुरात तळमजला अख्खा बुडाला होता, तेव्हापासून कॉलमचं प्लास्टर सुटून गंजलेली सळई दिसतेय आणि आता नगरपरिषदेची कलम १९५ ची (धोकादायक इमारतीची) नोटीस. भाडेकरू हलत नाहीयेत, काय करू?

उत्तर: ताई, आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी करा. त्यात बिल्डिंगचा वर्ग सी-१ (अतिधोकादायक) आला तर रिकामी करून पाडायचीच, सी-२बी आला तर न हलता दुरुस्ती चालते.

उत्तर: भाडेकरूंना हक्क जायची भीती असते हो! पाडायच्या आधी प्रत्येकाच्या खोलीचं मोजमाप लेखी करून द्या, मग ऐकतात.

उत्तर: ते होईल तेव्हा होईल, पावसाआधी निदान तळमजला तरी रिकामा कराच प्लीज.