अनुभव धागा: अंगणातले आणि गॅलरीतले पक्षी

मार्च लागला की पाण्याच्या भांड्यांचे फोटो सगळीकडे फिरू लागतात. भांडं किती खोल असावं, दाणा कोणता, घरट्याच्या पेटीचं भोक केवढं, हे मात्र त्यात नसतं. इथे तेवढंच लिहूया: मापं, वस्तू, काय बिघडतं आणि का.

नागपूर

भांडं पसरट, मातीचं, आतून खरबरीत हवं. गुळगुळीत चिनी मातीत पाय घसरतात, मग पक्षी आंघोळीला उतरतच नाहीत. कडेला अर्धा इंच, मध्ये दीड-दोन इंच पाणी पुरे. खोल भांडंच असेल तर पाण्याच्या वर येईल असा दगड आत ठेवा. जागा सावलीची, आमच्याकडच्या मे महिन्यात उन्हातल्या पाण्याचा दुपारी हाताला चटका बसतो. झुडपाला अगदी खेटून ठेवू नका, मांजर तिथेच दबा धरतं. पाच-सहा फुटांचं अंतर बरं.

पाणी रोज बदलायचं, पण नुसतं ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेघेवर कडेला चिकटतात आणि वाळली तरी जिवंत राहतात. म्हणून कड काथ्याने घासायची, साबण न लावता. आठवड्यातून एकदा उकळतं पाणी ओतून भांडं उन्हात वाळवायचं. दोन भांडी असली की हे सहज होतं.

नाशिक

२० मार्चचा चिमणी दिवस आमच्या गावच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून साजरा होतो. त्या सुमारास घरट्यासाठी लाकडी पेट्या भरपूर विकल्या जातात आणि बऱ्याच रिकाम्या राहतात. आधी भोक तपासा. चिमणीला ३२ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच पुरतं. दोन इंच झालं की साळुंकी पेटी बळकावते. भोक तळापासून पाच-सहा इंच वर हवं, नाहीतर मांजराचा पंजा पिल्लांपर्यंत पोचतो. भोकाखाली बसायला काडी लावलेली असते ती काढून टाका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला मात्र उपयोगी पडते.

फळी अर्धा ते पाऊण इंच जाड घ्या. पातळ पेटी उन्हात तापते. साधं प्लायवूड पहिल्याच पावसाळ्यात फुगून पदर सोडतं. तळाच्या चारही कोपऱ्यांत बारीक भोकं पाडा, आतून रंग-वॉर्निश नको. पेटी आठ-दहा फुटांवर, छज्जाखाली, तोंड पश्चिमेच्या पावसाकडे नको. एवढं करूनही शेजारच्या बागेत कीटकनाशक फवारलं जात असेल तर पिल्लं जगणं कठीण. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना सुरुवातीला अळ्या आणि किडेच भरवते.

डोंबिवली

दाणा म्हणजे बाजरी, राळं, तांदळाची कणी. फरसाण, पाव, मीठ लावलेलं काहीही नको. एका वेळी मूठभर, आणि उरलेला संध्याकाळी उचलायचा. पावसाळ्यात ओल्या दाण्याला बुरशी धरते.

खरा प्रश्न कबुतरांचा. दाण्याच्या ट्रेभोवती दीड इंची चौकोनांची जाळी, ट्रेपासून सहा इंच बाहेर, सगळ्या बाजूंनी आणि वरूनही बांधा. चिमण्या, मनोल्या आत जातात, कबुतर बाहेर राहतं. जाळी ट्रेला चिकटून असेल तर मान घालून दाणा संपवतं. मुंबईत कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयात गाजला, तेव्हा बाजू घ्यायची घाई सगळ्यांना होती. आरोग्याचा मुद्दा मात्र खरा आहे: वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. विष्ठा कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून, मास्क लावून खरवडा.

फोंडा, गोवा

दाण्यापेक्षा झाडं लावा, असं माझं ठाम मत. हमेलिया आणि जास्वंदीवर शिंजीर (सनबर्ड) येतात, सिंगापूर चेरीवर बुलबुल, तांबट, फुलटोच्या. कढीपत्त्याची पिकलेली काळी फळं कोकिळा आणि बुलबुल संपवतात. शेवग्याचा वाळका फाटा धोका नसेल तर तोडू नका, तांबट त्यातच ढोली कोरतो. कोपऱ्यातली थोडी जळमटंही राहू द्या. शिंजिराचं लोंबतं घरटं कोळ्याच्या जाळ्यानेच बांधलेलं असतं.

न्यू जर्सी

इथे एप्रिलच्या शेवटी हमिंगबर्ड येतात. त्यांच्यासाठी टांगायच्या बाटलीत एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. मध, गूळ, लाल रंग काही नाही. उकाड्यात दर दोन दिवसांनी बाटली धुवायची, पाणी गढूळ दिसलं तर त्याआधीच. मुंग्यांसाठी हुकावर पाण्याची छोटी वाटी अडकवतात.

पुणे, चौथा मजला

बुलबुलाने मनीप्लँटमध्ये घरटं केलं की साधारण चार आठवडे कुंडी जागची हलवू नका. दोन-तीन अंडी, उबवायला १२ ते १४ दिवस, पुढे जवळपास तितक्याच दिवसांत पिल्लं बाहेर. पाणी झारीने मुळाशी, वरून फवारा नको. फोटोसाठी पानं बाजूला केलीत तर ते उघडं घरटं कावळ्याला दिसतं.

खाली पडलेलं पिल्लू पिसं फुटलेलं, फुदकणारं असेल तर ते उडायला शिकतंय. जवळच्या झुडपात ठेवून लांब व्हा, आईबाप भरवतात. उघडंबागडं असेल तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हे खरं नाही.

आणि दयाळ किंवा शिंजीर गाडीच्या आरशावर चोच मारत असेल तर त्याला तिथे दुसरा नर दिसतो. विणीच्या दिवसांत आरशावर जुना मोजा चढवा.

ठाणे

नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी जानेवारीत पक्षी अडकतात. दोरा ओढू नका, पंखाची कातडी आणि स्नायू कापले जातात. पक्ष्याच्या डोक्यावर पातळ फडकं टाका, पंख अंगाशी मिटवून धरा, दोरा दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा. रुतलेला तुकडा पशुवैद्यांनीच काढावा. तोवर भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत सुती कापड, अंधार, शांतता. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६.

कोल्हापूर

नोंदी ठेवत असाल तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. फेब्रुवारीत बॅकयार्ड बर्ड काउंट ही चार दिवसांची पक्षीगणना असते, गॅलरीतून किमान १५ मिनिटं मोजलं तरी चालतं. २० साळुंक्या दिसल्या तर २० लिहा, "भरपूर" नको. कबुतर, कावळाही गाळू नका. ओळख पटत नसेल तर नुसतं "शिंजीर" लिहून पुढे जा. मादी आणि विणीनंतरचा नर यांत भले भले फसतात.