श्रीलंका: मे, दिवाळी की जानेवारीअखेर? सहा जण, आठ दिवस

अमळनेरकर

राम राम मंडळी. श्रीलंकेला जायचे ठरते आहे. चौघे मोठे आणि नऊ व बारा वर्षांची दोन मुले. मोठ्यांत आई ६६ वर्षांची, गुडघ्यांचा त्रास, पायऱ्या फार चढवत नाहीत. आठ दिवस, सात रात्री. तारखांचे तीन पर्याय आहेत. पहिला, मुलांच्या सुट्टीत ५ ते २० मेच्या दरम्यान. दुसरा, दिवाळीनंतरचा आठवडा. तिसरा, कापसाची वेचणी उरकली की जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारी, पण तेव्हा मुलांची शाळा बुडते.

एक एजंट म्हणतो बारा महिने छान, दुसरा म्हणतो मेमध्ये अजिबात नको. मुलांना समुद्रात डुंबायचे आहे, आईला देवळे आणि हत्ती बघायचे आहेत, आम्हाला चहाचे मळे. दोघे पक्के शाकाहारी आहेत. महिना कोणता धरावा?

सातपुडा_वारा

भाऊ, दोन्ही एजंट अर्धे खरे सांगतात. श्रीलंकेला एक पावसाळा नाही, दोन आहेत आणि ते बेटाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंवर पडतात. म्हणून "कोणता महिना" याच्यासोबतच "कोणता किनारा" हेही विचारावे लागते.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. सह्याद्री अडवतो म्हणून इगतपुरीत धो धो कोसळतो आणि धुळ्यापर्यंत येईतो ढग रिकामे होतात. तिथे सह्याद्रीचे काम बेटाच्या मधोमध असलेला डोंगराळ भाग करतो. सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागला, २,५२४ मीटर. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून वारा येतो, म्हणजे आपल्याकडे जूनमध्ये पोचतो तोच मोसमी वारा. तो तिथे मेच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास लागतो. कोलंबो, बेंटोटा, गाल, मिरिस्सा आणि डोंगराचा पश्चिम उतार तेव्हा भिजतो. त्याच काळात पूर्वेकडचे त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा, अरुगम बे पर्जन्यछायेत आणि कोरडे असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उलटे होते. वारा ईशान्येकडून येतो, बंगालच्या उपसागरावरून ओल घेऊन पूर्व आणि उत्तर भागात पाडतो. तेव्हा दक्षिण-पश्चिम किनारा उघडा, समुद्र निवळ.

फरक किती पडतो ते आकड्यांत बघा. डोंगराच्या पश्चिम उतारावर वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर, आणि आग्नेयेकडच्या कोरड्या पट्ट्यात ९०० च्याही खाली. एवढ्याशा बेटावर, ६५ हजार चौरस किलोमीटरवर.

या दोन पावसाळ्यांच्या मध्ये दोन सांधे आहेत. मार्च-एप्रिलचा सांधा सौम्य: सकाळ स्वच्छ, दुपारी दोन-तीननंतर गडगडाट आणि तास-दोन तासांची सर. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा सांधा मात्र जड असतो, कारण तेव्हा सरींच्या जोडीला उपसागरातले कमी दाबाचे पट्टे येतात आणि पाऊस बेटाच्या दोन्ही अंगांना पडतो.

तुमच्या यादीतून दिवाळी आधी काढून टाका. मे चालेल, पण पूर्व किनारा धरून. फेब्रुवारी उत्तम, पण दक्षिण किनारा धरून. मेमध्ये मिरिस्साचे पॅकेज घेतले तर पैसे वाया.

भुसावळ_जंक्शन

दिवाळीबद्दल थोडे सविस्तर, कारण स्वस्त पॅकेज त्याच वेळी समोर येतात आणि लोक भुलतात.

पावसात भिजणे ही तिथली मुख्य अडचण नाही. अडचण घाटरस्त्यांची आहे. कँडी, नुवारा एलिया, बदुल्ला या भागांत उतारांवर दरडी कोसळतात, रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद पडतात. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दितवा चक्रीवादळाने याच डोंगराळ पट्ट्यात पूर आणि दरडींनी मोठी जीवितहानी केली. दर वर्षी असे होत नाही, पण आठ दिवसांच्या सहलीत दोन दिवस रस्ता बंद झाला तर उरलेले वेळापत्रक कोलमडते. सोबत गुडघेदुखीची आई असताना मध्येच दुसरे हॉटेल शोधत फिरणे नको.

तरी कोणी या काळात जाणारच असेल तर तिथल्या हवामान खात्याचे अंदाज आणि राष्ट्रीय बांधकाम संशोधन संस्थेचे दरडीचे इशारे रोज बघा. इशारे पिवळा, अंबर (नारिंगी), लाल अशा पायऱ्यांनी दिले जातात. अंबर लागला की त्या तालुक्यातून निघायचे, लालची वाट बघायची नाही. हॉटेल रद्द करता येईल असेच घ्या.

मोबाइलवरच्या हवामान ॲपबद्दलही सांगतो. मार्च-एप्रिल आणि मेच्या सुरुवातीला तिथे दहाही दिवस ढग-विजेचे चिन्ह दिसते आणि लोक घाबरून बुकिंग मोडतात. चिन्ह बघू नका. तासागणिक किती मिलिमीटर, ते बघा. दुपारी तीन ते पाच १२ मिलिमीटर दाखवत असेल तर सकाळचे सात तास तुमचे आहेत. सकाळी सहापासून आकडा लागलेला असेल आणि सलग तीन दिवस तसाच असेल, तर मात्र तो खरा पावसाळा.

रावेरची_लेक

अमळनेरकर दादा, जमत असेल तर मुलांची शाळा पाच दिवस बुडवा आणि फेब्रुवारीच धरा. त्या महिन्यात गाल, उनावटुना, मिरिस्सा हा किनारा शांत असतो, मिरिस्साहून निळे देवमासे बघायला बोटी जातात (हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल), आणि डोंगरात पाऊस कमी असल्याने चहाचे मळे दिसतातही. मेअखेर ते ऑगस्ट नुवारा एलियाच्या बाजूला धुके आणि रिपरिप इतकी की मळा समोर असून दिसत नाही.

चहाचीही गंमत आहे. पश्चिम उतारावरच्या डिंबुला भागाचा सर्वांत वासदार चहा जानेवारी ते मार्चमध्ये निघतो आणि पूर्वेकडच्या उवा भागाचा जुलै ते सप्टेंबरमध्ये. ज्या बाजूला कोरडा वारा, त्या बाजूच्या पानाला वास.

फेब्रुवारीत सांभाळायच्या गोष्टी अशा. नुवारा एलिया १,८६८ मीटरवर आहे. रात्री पारा दहाच्या आसपास किंवा खाली जातो आणि साध्या हॉटेलांत हीटर नसतो. आईंसाठी स्वेटर, मोजे, कानटोपी घ्याच. हॉर्टन प्लेन्सच्या पठारावर जायचे तर पहाटे निघा. नऊ-दहानंतर दरीतून धुके वर येते आणि "वर्ल्ड्स एंड"च्या कड्यावरून फक्त पांढरे दिसते. शिवाय ती नऊ किलोमीटरची पायपीट आहे, आईंना नको. त्यापेक्षा नुवारा एलियाजवळ सीता एलियाचे सीता अम्मन मंदिर रस्त्याला लागूनच आहे, तिथे नेता येईल. श्रीपाद शिखराची यात्राही डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मेच्या वेसाक (तिथली बुद्धपौर्णिमा) पौर्णिमेपर्यंत चालते, पण साडेपाच हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत, त्यामुळे तो विषय सोडा.

२० डिसेंबर ते १० जानेवारी दर चढे असतात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खोल्या मिळतात.

अमळनेरकर

ताई, सल्ला पटतो, पण मोठ्याची सातवी आहे आणि शाळा सुट्टी देत नाही. म्हणजे मेच. मग ५ ते १२ की १२ ते २०? आणि पूर्व किनारा धरला तर हत्ती आणि चहा सुटतात का?

सातपुडा_वारा

मेमां जावानं शे तर ५ ते १२. जितके लवकर तितके बरे. वीस मेकडे सरकलात की नैर्ऋत्येचा वारा चढायला लागतो. पूर्व किनाऱ्याला त्याचा त्रास नाही, पण तुमचे विमान पश्चिमेला काटुनायकेला उतरते आणि कँडीही ओल्या बाजूला मोडते.

तारीख पक्की करण्याआधी श्रीलंकेचे कॅलेंडर उघडून वेसाक कधी आहे ते बघा. आपल्या पंचांगावर विसंबू नका. अधिक महिना आला की आपली बुद्धपौर्णिमा आणि त्यांचा वेसाक यांत महिन्याचे अंतर पडू शकते. वेसाकचे दोन दिवस शहरांत रोषणाई सुंदर असते, पण रस्ते तुंबतात आणि खोल्या मिळत नाहीत. तशी दर पौर्णिमेला तिथे पोया म्हणून सरकारी सुट्टी असते.

मार्ग असा धरा. पहिल्या दिवशी विमानतळावरून थेट सिगिरियाच्या (खडकावरचा जुना किल्ला) बाजूला निघा, साधारण दीडशे किलोमीटर आणि चार तास. विमान रात्रीचे असेल तर विमानतळाजवळच्या नेगोंबोला झोपून सकाळी निघा. रात्री व्हॅन पळवू नका, त्या भागात रस्त्यावर हत्ती येतात. सहा जणांना आणि सामानाला चालकासह व्हॅन घ्या. तिथे तिला "केडीएच" म्हणतात. ठरवताना चालकाचे जेवण-मुक्काम, टोल आणि पार्किंग दरात धरले आहे का, ते लिहून घ्या. भांडण तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी सिगिरिया. दार उघडायच्या वेळी हजर राहा. नऊनंतर खडक तापतो आणि लोखंडी जिन्यावर रांग थबकते. पायऱ्या सुमारे १,२०० आहेत. आईंनी वर जायचे नाही. पायथ्याच्या जलउद्यानांत सपाट वाट आणि सावली आहे, तिथे एक जण सोबत थांबू द्या. वर गांधीलमाश्यांची पोळी आहेत. तिथे शांत राहा अशा पाट्या आहेत, मुलांना आधीच समजावून ठेवा. तिकिटाच्या खिडकीवर पासपोर्ट दाखवा, सार्क देशांच्या नागरिकांना दर कमी आहे. पासपोर्ट हॉटेलात विसरला तर पूर्ण दर पडतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलोन्नारुवा, म्हणजे जुन्या राजधानीचे अवशेष. सपाट आहे, व्हॅन अवशेषांच्या जवळपर्यंत जाते, आईंना सोयीचे. दुपारी हत्ती. इथे अपेक्षा नीट ठेवा. मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यानातला शेकडो हत्तींचा मेळा जुलै ते सप्टेंबरमध्ये भरतो, कारण तेव्हा तलावाचे पाणी आटते आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत येते. मेमध्ये तलाव भरलेला असतो, हत्ती पांगलेले असतात. दिसतील, पण पाच-दहाच्या कळपांत. मिन्नेरिया, कौदुल्ला आणि हुरुलू या तिन्हींपैकी त्या आठवड्यात हत्ती कुठे आहेत, ते आदल्या संध्याकाळी जीपवाल्यांना विचारूनच तिकीट काढा.

चौथ्या दिवशी त्रिंकोमाली, सिगिरियाहून सुमारे शंभर किलोमीटर. तिथे तीन रात्री द्या, मुलांचा समुद्र तोच. निलावेलीचा किनारा मेमध्ये तळ्यासारखा असतो. सकाळी बोटीने पिजन आयलंड या प्रवाळाच्या बेटावर जा, पंधरा-वीस मिनिटे लागतात. प्रवाळावर पाय ठेवायला मनाई आहे आणि तुटलेले तुकडे पाय कापतात, म्हणून मुलांना रबरी बूट हवेत. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचे आहे का ते बोटीत बसण्याआधी बघा. मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निघून येते. आईंसाठी स्वामी रॉकच्या कड्यावरचे कोणेश्वर मंदिर आहे. संध्याकाळी जा, दुपारी फरशी भाजते.

सातव्या दिवशी कँडी, साधारण १८० किलोमीटर आणि पाच तास. दंतमंदिरात (बुद्धाचा दात जपलेले देऊळ) संध्याकाळची पूजा साडेसहाच्या सुमारास असते. आठव्या दिवशी सकाळी शहराबाहेरच्या हंतानाला चहाचे संग्रहालय बघून विमानतळ. साडेतीन तास लागतात, चार धरा. नुवारा एलिया यात बसत नाही, आणि मेमध्ये त्यासाठी सहा तासांचा घाट चढण्या-उतरण्यात अर्थ नाही.

रावेरची_लेक

शाकाहाराचे कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. भात, परिप्पू म्हणजे मसूर डाळीचे वरण, फणसाची भाजी, इडियप्पम, सगळे मिळते. फसवते ती खोबऱ्याची चटणी. पोल सांबोलमध्ये वाळवलेल्या माशाचा चुरा घालतात आणि तो खोबऱ्यात दिसत नाही. तिथल्या बऱ्याच लोकांच्या लेखी एवढा चुरा म्हणजे मांसाहार नव्हे, त्यामुळे "व्हेज आहे का" विचारले तर हो म्हणतात. नाव घेऊन विचारा. कँडी-सिगिरियाकडे "उंबलकड नॅतुव" म्हणजे हा माशाचा चुरा न घालता, आणि त्रिंकोमालीला तमिळमध्ये "मासी इल्लामल". भाज्यांच्या रश्शातही तो असू शकतो.

आणि उकाड्याबद्दल. आपल्याकडे मेमध्ये ४५ अंश सोसणाऱ्याला तिथले ३३ किरकोळ वाटतात. पण तिथे हवा दमट, घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. आईंना अकरा ते साडेतीन खोलीतच ठेवा. ओआरएसची पाकिटे इथूनच न्या, वाटेत तंबिली म्हणजे केशरी शहाळे पाजा. देवळांत खांदे-गुडघे झाकलेले आणि पाय अनवाणी लागतात. पोलोन्नारुवाच्या तापलेल्या दगडांवर चालायला जाड मोजे न्या. डासांचे मलम दिवसाही लावा, डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

भुसावळ_जंक्शन

प्रवासाचे राहिले. मुंबई-कोलंबो विमान अडीच तासांच्या आसपास. भुसावळ-जळगावहून रात्रीच्या गाडीने निघून त्याच सकाळचे विमान धरू नका. गाडी तीन तास लेट झाली की सहा तिकिटे गेली. मध्ये किमान आठ तास ठेवा. अमळनेरहून दुसरा रस्ता नवजीवन एक्स्प्रेसने थेट चेन्नई, आणि चेन्नईहून कोलंबो सव्वा-दीड तासात. गाडीत सुमारे एक दिवस जातो, पण विमानभाडे बहुधा कमी पडते. आईंना खालचा बर्थ मिळाला तरच हा विचार करा.

ईटीए, म्हणजे जाण्याआधी ऑनलाइन काढायचा प्रवेश परवाना, प्रत्येकाचा वेगळा, मुलांचाही, आणि तो सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. भारतीयांसाठी शुल्काचे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात पुन्हा वाचा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे जास्तीचे पैसे घेतात. पासपोर्ट पोचायच्या दिवसापासून सहा महिने चालू हवा. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांचेच असतात, ते आजच काढून तारीख बघा.