लाटवियाचा गीत-नृत्य महोत्सव: लोककला की नुसती कवायत?

चौकसबुवा:
लाटवियाची राजधानी रीगा, तिथल्या गीत-नृत्य महोत्सवाचे व्हिडिओ बघितले. दर पाच वर्षांनी भरतो, २०२३ ला दीडशे वर्षं झाली, जवळपास ४० हजार लोकांनी भाग घेतला. मैदानात हजारो जण एका तालावर नाचतायत आणि वरून ड्रोनने बघितलं की त्यांच्या पारंपरिक पट्ट्यांवर विणतात तशी नक्षी दिसते. भारीच आहे, नाही म्हणत नाही. पण ही तर २६ जानेवारीची परेड झाली ना? नाच लग्नात, अंगणात होतो तो लोकनृत्य. त्यात नाच या महोत्सवात आला १९४८ ला, म्हणजे सोव्हिएत राजवटीत, यावरून काय ते समजा.

सूरपेटी:
काहीही हं! नाच नंतर आला पण गाणं १८७३ पासूनचं आहे, तेव्हा सत्ता झारची आणि जमिनी जर्मन जमीनदारांच्या. आजचं त्यांचं राष्ट्रगीत त्याच पहिल्या महोत्सवात गायलं गेलं. आणि १९८५ चं विसरलात? 'प्रकाशाचा किल्ला' हे गाणं कार्यक्रमातून वगळलं होतं, बुडालेला किल्ला पुन्हा वर येणार म्हणजे सोव्हिएत राजवट जाऊन देश स्वतंत्र होणार, हे सगळ्यांनाच कळायचं. शेवटी लोकांनीच हट्ट धरला, म्हातारे हाराल्ड्स मेड्निस, समूहगानाचे संचालक, यांना पुढे बोलावलं आणि गाणं झालंच. कवायतीत असं होतं का कधी?

चौकसबुवा:
ते मान्य, अंगावर काटा येतो. पण कॉयर, म्हणजे चार गटांनी एकाच वेळी वेगवेगळे सूर धरून गायचं समूहगान, हीच मुळात जर्मनांकडून घेतलेली पद्धत. त्यांचं अस्सल म्हणजे दाइना, चार-चार ओळींची गाणी, बारोन्स नावाच्या लोकगीत संग्राहकाने दोन लाखांवर जमवली. एक बाई ओळ म्हणणार, बाकीच्या मागून सूर धरणार, त्याला ना समोर उभा राहून हातवारे करणारा कंडक्टर लागतो ना भलं मोठं स्टेज.

गावाकडचा:
दोघंही फक्त त्या आठवड्याबद्दल बोलताय. आधी परीक्षक गुण देतात, त्यात पास झालात तरच रीगा. त्या धाकाने लहान गावातलं कॉयर पण भर थंडीत शाळेच्या हॉलमध्ये प्रॅक्टिसला जमतं, नाहीतर कोण येतंय घराबाहेर? कवायत म्हणा हवं तर, पण गाणं टिकलंय ते त्यामुळेच.

चौकसबुवा:
आणि ज्या गावात गुण कमी पडले तिथल्या म्हाताऱ्यांनी काय करायचं, घरी बसून टीव्हीवर बघायचं?

सूरपेटी:
टीव्ही कशाला, तिकीट काढून जायचं की. प्रेक्षकही गातातच तिथे, रात्र रात्र.

चौकसबुवा:
हां, ते मात्र लोकगीत.