न दाखवलेला अत्याचार जास्त खरा वाटतो का?

अर्धविराम:
(रसभंग होणार आहे. चित्रपट पाहायचे असतील तर इथेच थांबा.)
एकाच आठवड्यात ‘शिंडलर्स लिस्ट’ (१९९३) दुसऱ्यांदा आणि ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ (२०२३) पहिल्यांदा पाहिला. शेवटी ज्यूंना नाझींपासून वाचवणारा जर्मन कारखानदार शिंडलर कोटावरची सोन्याची पिन काढून म्हणतो की हिच्यात अजून दोन माणसं वाचली असती, तिथे मी ढसाढसा रडलो. मग तोंड धुतलं, आणि झोपही छान लागली.

दुसऱ्यात डोळ्यांत टिपूस आलं नाही, पण झोपेचं खोबरं झालं. ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीचा कमांडंट रुडॉल्फ हॉस छावणीच्या भिंतीला लागून असलेल्या बंगल्यात बायकामुलांसह राहतो. भिंतीपलीकडचं दिसत जवळजवळ काहीच नाही, फक्त ऐकू येतं. त्याची बायको आरशासमोर फरचा कोट घालून बघते. खिशात कुणाची तरी लिपस्टिक निघते, ती ओठांना लावून बघते. एवढंच. कोट कुणाचा, ती बाई कुठे गेली, कुणी काही बोलत नाही.

थेट दाखवणारा चित्रपट आपल्याला पीडितांच्या शेजारी बसवतो, आपण रडून मोकळे होतो. हा मात्र त्या बंगल्यात नेऊन बसवतो. मला हाच जास्त प्रामाणिक वाटला.

रातकिडा:
साफ असहमत. हे जाणकार प्रेक्षकाचे चोचले आहेत. भिंतीपलीकडे काय चाललंय हे तुम्हाला कळलं, कारण ते आधी कुणीतरी दाखवून ठेवलं होतं. ज्यानं ऑशविट्झ हे नावच ऐकलेलं नाही, त्याच्यासाठी ही बागकामाची आवड असलेल्या एका कुटुंबाची गोष्ट आहे!
आणि रडण्याला इतकं नाक मुरडू नका. ‘शिंडलर्स लिस्ट’नंतर १९९४ मध्ये स्पीलबर्गनं संस्था काढली आणि ज्यूसंहारातून वाचलेल्या लोकांच्या ५० हजारांवर साक्षी चित्रित करून ठेवल्या. अश्रू काढणाऱ्या चित्रपटामागून हे काम उभं राहिलं.

अर्धविराम:
साक्षींचं काम मोठंच आहे, वाद नाही. पण ‘शिंडलर्स लिस्ट’मधला ऑशविट्झच्या न्हाणीघराचा प्रसंग आठवा. बायकांना आत कोंडतात, दिवे जातात, आता विषारी वायू येणार म्हणून आपण श्वास रोखून बसतो, आणि वरून पाणी येतं. हुश्श! ते ‘हुश्श’ मला खुपतं. जिथे सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, तिथे थरारपटाची युक्ती?

रातकिडा:
तो प्रसंग मलाही खुपतो. बाकी मुद्दे कायम.

सोनचाफा:
दाखवायचं की नाही यावरच दोघं अडलात. मला आधी प्रश्न पडतो, गोष्ट सांगतंय कोण? ‘रॅबिट-प्रूफ फेन्स’ (२००२) पाहिलाय का? ऑस्ट्रेलियात मिश्र वंशाच्या आदिवासी मुलांना सरकार आईपासून तोडून वसाहतीत नेऊन ठेवायचं. १९३१ मध्ये तिथून पळालेल्या तीन मुली सशांसाठी घातलेल्या कुंपणाच्या कडेकडेनं घराकडे चालत निघतात. एक वाटेत पकडली जाते, दोघी पोचतात. मूळ पुस्तक त्यांतल्या मोलीच्या मुलीनं लिहिलंय, दिग्दर्शक मात्र गोरा. पाहताना ते सारखं जाणवत होतं. निसर्ग जरा जास्तच सुंदर, संगीत जरा जास्तच भरून येणारं.
आणि अगदी शेवटी खऱ्या मोली आणि डेझी पडद्यावर येतात. पांढऱ्या केसांच्या दोन म्हाताऱ्या, चालत. निवेदनातून कळतं की मोलीला पुढे पुन्हा पकडून नेलं होतं आणि ती पुन्हा चालत घरी आली. त्या दोघी दिसल्यावर मी दिग्दर्शकाला विसरले. सहा वर्षांनी, २००८ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या संसदेत पंतप्रधानांनी या मुलांची माफी मागितली.

खडूस:
माफीचं श्रेय चित्रपटाला नको. ती मागणी १९९७ च्या मानवी हक्क आयोगाच्या अहवालात होती, तेव्हाच्या पंतप्रधानांनी ती फेटाळली, सरकार बदललं तेव्हा माफी आली. चित्रपटानं काही होत नाही, आपल्याला उगाच काहीतरी केल्यासारखं वाटतं.

सोनचाफा:
श्रेय दिलं कुठे? नीट वाचा की.

रातकिडा:
खडूस नावाला जागले. :)
अर्धविराम, ‘क्वो वादिस, आयडा?’ (२०२०) बघाच. बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा, जुलै १९९५. ८ हजारांवर बोस्नियन मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. आयडा संयुक्त राष्ट्रांच्या तळावर दुभाषी. नवऱ्याला आणि दोन मुलांना वाचवायला ती तळभर नुसती धावत असते, आणि लोकांना धीर देणारी खोटी वाक्यं तिलाच भाषांतर करून सांगावी लागतात. हत्या दिसत नाही, गोळ्यांचा आवाज तेवढा येतो. तरी इतिहास माहीत नसलेल्यालाही सगळं कळतं. शेवटी ती त्याच गावात परत येऊन शाळेत शिकवायला लागते. मुलांचा कार्यक्रम चालू आहे, आणि पाहायला आलेल्या पालकांत त्या दिवसांतले मारेकरीही बसलेत. मुलं तळव्यांनी डोळे झाकतात, उघडतात, परत झाकतात.

अर्धविराम:
काल रात्री पाहिला. हत्या पडद्याबाहेर आहे, म्हणजे खरं तर माझ्या बाजूचा चित्रपट. पण इथे मी आयडाच्या मागे धावत होतो, कुणाच्या बंगल्यात बसलो नव्हतो, आणि तरी रडून मोकळं होता आलं नाही. म्हणजे दाखवण्या-न दाखवण्याचा मुद्दाच मी चुकीचा पकडला होता. धाग्याचं शीर्षक बदलायला गेलो, आता बदलता येत नाहीये.