मदत हवी आहे : पाच रेपोंना मिळून एकच कॅश?

नमस्कार मंडळी! अंधेरीतल्या आमच्या टीमचे पाच जावा रेपो (कोडची भांडारं) गिटहब अ‍ॅक्शन्सवर, म्हणजे गिटहबच्या स्वयंचलित सेवेवर, बिल्ड होतात (कोडचा चालता प्रोग्रॅम बनतो), रनर (हे काम प्रत्यक्ष करणारा प्रोग्रॅम) ऑफिसातल्याच मशीनवर. ग्रेडलची (बिल्ड करणाऱ्या साधनाची) तीच ती पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोड, प्रत्येक रेपो वेगळी उतरवतो. पुश करून (कोड गिटहबवर चढवून) खाली वडापाव खाऊन आलो तरी चक्र फिरतंच!

गिटहबची कॅश (पैशांची नव्हे, उतरवलेल्या फाइल्स पुन्हा वापरायला ठेवायचा साठा) रेपोपुरतीच. शिवाय मूळ सेटिंगनुसार ७ दिवस कुणी वापरली नाही तर उडते. क्वचित बदलणाऱ्या दोन रेपोंना तिचा उपयोग शून्य.

एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमध्ये एस-थ्री बकेट (फाइल्सचा ऑनलाइन साठा) ठेवू, की ऑफिसातच नेक्सस प्रॉक्सी (पॅकेजेस एकदा उतरवून सगळ्यांना देणारा सर्व्हर) उभी करू? माझा कल नेक्ससकडे, पण डिस्क भरली की साफसफाई कोण करणार? पुल रिक्वेस्टच्या (अजून मंजूर न झालेल्या कोड-बदलाच्या) बिल्डला हा साठा फक्त वाचायची परवानगी, एवढं मात्र पक्कं. कुणी प्रत्यक्ष चालवलंय का?