ई-टाइप की एनएसएक्स? ‘आत्मा नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

चक्रधर
"जग्वार ई-टाइपला आत्मा आहे, होंडा एनएसएक्स म्हणजे नुसतं यंत्र." काल हे वाक्य वाचलं आणि डोकंच फिरलं. १९९० ची एनएसएक्स ही अख्ख्या ॲल्युमिनियमच्या मोनोकॉकची (बॉडी आणि सांगाडा एकच असलेली) पहिली मोठ्या संख्येने बनलेली गाडी. टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, ८,००० आरपीएमपर्यंत चढणारं व्हीटेक (वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारं) व्ही-६ इंजिन. फॉर्म्युला वनचा रेसर आयर्टन सेना याने जपानच्या सुझुका ट्रॅकवर चालवून चासी (सांगाडा) लेचीपेची वाटते म्हटलं, तर होंडाने ती ताठ केली. मॅक्लारेन एफ१ ही सुपरकार घडवताना तिचे डिझायनर गॉर्डन मरे यांनी हीच गाडी समोर ठेवली होती. एवढा जीव ओतल्यावर अजून कसला आत्मा हवाय?

लांबनाक्या
वाक्य माझं आहे आणि मी ते मागे घेणार नाही. १९६१ मध्ये जिनिव्हाला ई-टाइप आली तीच चारही चाकांना डिस्क ब्रेक, मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन आणि ताशी २४० किमीचा दावा घेऊन. तिचा आकार काढणारा माल्कम सेयर विमानांच्या कारखान्यातून आलेला माणूस, त्याने ती वळणं गणिताने काढली. तीस वर्षांनंतर आलेल्या गाडीचं कौतुक काय सांगता?

गॅरेजवाला
मागचे डिस्क कुठे आहेत तेही सांगा की! चाकाजवळ नाहीत, आत डिफरन्शियलला (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला) चिकटून. सील गळलं की तेल थेट डिस्कवर. हात घालायला जागा नाही, शेवटी मागच्या सस्पेन्शनचा अख्खा पिंजरा खाली उतरवावा लागतो. मी केलंय ते काम, कोपरं सोलून निघतात.

लांबनाक्या
मान्य, म्हणून मीही थोडे बदल केलेत. पाच गिअरचा बॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन. मूळच्या मॉस गिअरबॉक्सला पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर खडखड न करता पडावा म्हणून असलेली सोय) नाही, ट्रॅफिकमध्ये जीव जातो.

जुनं ते सोनं
म्हणजे ज्या आत्म्यासाठी भांडताय तो तुम्हीच काढून ठेवलात! मॅचिंग नंबरच्या (कारखान्यातले मूळ भाग तसेच असलेल्या) गाडीचा बॉक्स बदलणं हे पाप आहे. १९६४ च्या ४.२ मध्ये जग्वारनेच सगळ्या गिअरना सिंक्रो दिला होता. तीच घ्यायची होती.

लांबनाक्या
जुना बॉक्स जपून ठेवलाय, कधीही परत बसेल. मी गाडी चालवायला घेतलीय, तुमच्यासारखी कव्हरखाली झाकायला नाही.

जुनं ते सोनं
वैयक्तिक होऊ नका. वडिलांची ई-टाइप एका नावाजलेल्या रिस्टोररकडे दिली होती. ‘सुधारणा’ म्हणून त्याने तिन्ही एसयू कार्ब्युरेटर काढले आणि परत दिलेच नाहीत. तिन्ही नीट जुळलेले असताना थ्रॉटल उघडल्यावर जो आवाज यायचा, तो गेला. बाबा त्या गाडीत पुन्हा बसले नाहीत. मूळ भागांना हात लावू नका, हे मी म्हणूनच सांगतो.

गॅरेजवाला
कार्ब्युरेटर परत न देणं ही चोरीच, तिथे मी तुमच्या बाजूने. पण इग्निशनला नावं ठेवू नका. जुन्या इग्निशनचे पॉइंट्स (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) घासत रस्त्याकडेला उभं राहण्यात कसली परंपरा?

चक्रधर
अहो, मुद्द्यावर या! एनएसएक्समध्ये यातलं काहीच बदलावं लागत नाही, हेच तर मी म्हणतोय.

वेगवेडी
हेही पूर्ण खरं नाही, दादा. सुरुवातीच्या मॅन्युअल गाड्यांत गिअरबॉक्सची स्नॅप रिंग (भाग जागेवर धरून ठेवणारी कडी) तुटायची. टायमिंग बेल्ट वेळेवर बदलावाच लागतो. ॲल्युमिनियमची बॉडी ठोकली गेली तर साधा डेंटर हात लावत नाही. तरी रोजच्यासाठी मी एनएसएक्सच घेईन. पहिल्या सपाट फ्लोअरच्या ई-टाइपमध्ये माझ्या उंच नवऱ्याचे गुडघे स्टिअरिंगला टेकत होते.

लांबनाक्या
बरं, रोज चालवायला एनएसएक्स बरी, घ्या लिहून. पण पार्क करून निघताना मागे वळून कुठली बघाल?

चक्रधर
एनएसएक्सच. पॉप-अप दिव्यांची, २००२ च्या आधीची.