सगळ्यांचे हात वर असताना

रानवाट
गेल्या महिन्यात कामावर बैठक झाली. वेळ कमी आहे, तर शेवटची चाचणी न करताच माल पाठवू या, असं ठरत होतं. कुणाकुणाला मान्य आहे, असं विचारल्यावर एकेक करत अकरा हात वर गेले. बारावा माझा. ती चाचणी मीच करतो, ती का लागते हे त्या खोलीत सगळ्यात जास्त मला माहीत होतं. तरीही हात वर गेला.

पुढे माल परत आला. नुकसान झालं, ते भरूनही निघालं. पण तो हात काही केल्या विसरता येत नाही. मनाला न पटलेल्या गोष्टीला चारचौघांत होकार देणारा माणूस खोटा असतो, असं माझं आता मत झालंय. तुमचं काय म्हणणं?

जुना_पूल
अजिबात पटलं नाही. एकाच्या पगारावर घर चालत असेल तर त्याने बैठकीत काय बोलावं, हे घराचे हप्ते ठरवतात. मी पंधरा वर्षं अनेक गोष्टींना मान डोलावली. घरी आल्यावर मी मीच होतो, मुलांना कधी खोटं शिकवलं नाही. मी खोटा?

आणि जो ऊठसूट विरोध करतो त्याचं शेवटी कुणी ऐकत नाही. आपला शब्द खऱ्या वेळेसाठी राखून ठेवावा लागतो.

काजळरेघ
पण ती खरी वेळ आली हे ओळखायचं कसं? दरवेळी 'ही नव्हे, पुढची' असंच वाटतं.

सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात केलेले प्रयोग या विषयाला धरून आहेत. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी पहिलीएवढी कोणती ते सांगायचं. एकट्याला विचारलं तर चूक शंभरात एकही होत नाही, इतकं सोपं. पण गटातले बाकी सगळे आधीच पढवलेले होते आणि 18 पैकी 12 वेळा मुद्दाम एकच चुकीचं उत्तर देत होते. त्या वेळी खऱ्या सहभागींची एक तृतीयांशाहून जास्त उत्तरं गटाच्या चुकीच्या बाजूने गेली. नंतर विचारलं, तर काही जण म्हणाले, वाटलं आपलीच नजर चुकतेय.

जुना_पूल
म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश उत्तरं बरोबरच होती की! साधारण चौथा हिस्सा माणसं एकदाही झुकली नाहीत. लोक मेंढरं असतात, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. शिवाय रेघ चुकली म्हणून तिथे कुणाची नोकरी जाणार नव्हती.

डावरी
मला दोघांचंही अर्धंच पटतं. मी डावखुरी. लहानपणी वर्गात डावा हात बाकाखाली दाबून धरून उजव्याने लिहायला लावायचे. अक्षर वेडंवाकडं यायचं आणि त्यावरूनही बोलणी बसायची. आजही घाईत कुणी पेन पुढे केलं की क्षणभर हात अडखळतो. मतं बदलतात, बदलावीतही. पण मुळात जे आपलं आहे ते दाबलं की शरीर लक्षात ठेवतं. जुना_पूल, तुम्ही राखून ठेवलेला शब्द नंतर सापडला का, हे खरंच जाणून घ्यायचंय.

जुना_पूल
एकदा सापडला. एकदाच.

काजळरेघ
एक सांगायचं राहिलं. त्या प्रयोगात गटातल्या एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी झुकण्याचं प्रमाण आधीच्या जवळपास चौथ्या हिश्शावर यायचं. फक्त एक सोबती.

रानवाट
हे वाचून काल रात्री झोप लागली नाही. मी एक गोष्ट सांगितली नव्हती. माझ्यानंतर तेरावा हात एका नव्या मुलीचा होता. रुजू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. हात वर करण्याआधी तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली कागदाकडे बघत होतो.

आज तिला विचारलं. ती म्हणाली, "मला विचारायचं होतं. पण चाचणी तुम्ही करता आणि तुम्हीच हात वर केलात. मला वाटलं, गरज नसेल."

जुना_पूल
यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण घर चालवायला गप्प बसलेल्यांना सरसकट खोटं म्हणालात, ते मागे घ्या.

रानवाट
घेतो. तो शब्द माझ्यापुरताच. सोमवारी पुन्हा बैठक आहे. ती समोरच बसते.